जुनी पुस्तकं, ज्ञान पोस्ट आणि पोस्टेजचे रिफंड: काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून जुनी मराठी पुस्तकं ऑनलाइन विकतेय आणि जवळजवळ सगळी ज्ञान पोस्टनेच, म्हणजे टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या स्वस्त सेवेनेच पाठवते. सेवेबद्दल लिहितेच, पण खरं लिहायचंय ते पोस्टेजच्या रिफंडबद्दल, कारण पुस्तक आवडलं नाही म्हणून पैसे मागणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, पोस्टेज जास्त घेतलं का हो असं मात्र सारखं कुणीतरी विचारत असतं.

आधी सेवा. रजिस्टर्ड बुकपोस्ट, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालाची जुनी सोय, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा पुस्तकवाल्यांची फार पंचाईत झाली, शंभराच्या पुस्तकाला पाठवणावळच तेवढी. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तिथून वजनाप्रमाणे वाढत ५ किलोला १००, वर टॅक्स. ट्रॅकिंग नंबर मिळतो. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, ते मी पैसे घ्यायच्या आधीच सांगते, आणि घाई असेल तर स्पीड पोस्टचा दर वेगळा कळवते.

आता मुद्दा. पाकिटावर जो स्टिकर लागतो त्यावर वजन आणि रक्कम छापलेली असते, आणि गिऱ्हाईक ती वाचतंच. बरेच विक्रेते सरसकट ८० रुपये शिपिंग लावतात, घरी पोचलेल्या पाकिटावर त्याच्या निम्मी रक्कम दिसली की फोटो येतो, "ताई, बाकीचे कुठं गेले?" यात त्या माणसाचं काय चुकलं सांगा. पुठ्ठा, बबल रॅप, टेप, पोस्टापर्यंतचं पेट्रोल, हे सगळं खर्चच आहे, पण तो पोस्टेजच्या नावाखाली दडवला की विश्वास जातो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्येही एकूण किंमत आणि त्यात डिलिव्हरी, पोस्टेज, हँडलिंग किती ते फोडून दाखवा असंच आहे. मी तीन ओळी लिहिते: पुस्तक इतके, पोस्टेज इतके, पॅकिंग १५. पाकीट पूर्ण बांधून घरच्या काट्यावर ठेवते आणि मगच आकडा सांगते. काउंटरवर कमी लागले तर पावतीच्या फोटोसोबत फरक त्याच दिवशी यूपीआयने परत, मग तो सहा रुपये का असेना. जास्त लागले तर माझे गेले, मागत नाही. हे सुरू केल्यापासून असे फोटो येणं जवळपास थांबलंय.

एकाच माणसाने दोन दिवसांत दोन ऑर्डरी दिल्या की एकाच पाकिटात घालते आणि वाचलेलं पोस्टेज मागायच्या आधीच पाठवते. हेच लोक परत परत घेतात.

सगळ्यात जास्त गैरसमज दिवाळी अंकांवरून होतात. ज्ञान पोस्ट पुस्तकांसाठी आहे, जाहिराती असलेली नियतकालिकं त्यात बसत नाहीत. म्हणजे कुणी दोन पुस्तकं घेतली आणि शेवटी म्हणाले की एक जुना दिवाळी अंकही टाका, तर अख्खं पाकीट त्या दरातून बाहेर जातं. मग मी दोन हिशोब पाठवते, अंकासह आणि अंकाशिवाय, निवड त्यांची. हे आधी सांगितलं नाही तर नंतर फरक मागणारच, आणि त्यांना ते पटवून देणं फार कठीण जातं.

पूर्ण रिफंड कधी? पान फाटलेलं, आवृत्ती वेगळी, पुस्तक भलतंच गेलं, तर किंमत, जाण्याचं पोस्टेज आणि परत पाठवायचं पोस्टेज, सगळं मी देते. स्वस्त पुस्तक असेल तर परत मागतच नाही, दोन्हीकडच्या टपालात त्याची किंमत संपते. एकदा खासगी कुरियरने पाठवलेलं पाकीट भिजून पोचलं होतं, तेव्हाही पूर्ण पैसे दिले, कुरियरकडून भरपाई मिळो न मिळो, घेणाऱ्याचा त्यात दोष नाही. मन बदललं म्हणून परत करणार असतील तर पुस्तकाचे पैसे मिळतात, पोस्टेज नाही. घर बंद होतं किंवा पिनकोड चुकीचा दिला म्हणून पाकीट माझ्याकडे परत आलं, तरीही तेच. पोस्टाने काम केलेलं असतं, ते पैसे माझ्याकडे राहिलेलेच नसतात. हे शांतपणे, पावती जोडून लिहिलं की बहुतेक जण ऐकतात. जे नाही ऐकत त्यांच्याशी वाद वाढवत नाही, पण नियमही बदलत नाही, नाहीतर जो गप्प बसतो त्याच्यावर अन्याय होतो.

एका विक्रीच्या ॲपवर फक्त पोस्टेज परत करायची सोयच नाही, एकतर पूर्ण ऑर्डर रद्द नाहीतर काहीच नाही. तिथे फरक बाहेरून यूपीआयने देते आणि ॲपच्या चॅटमध्ये व्यवहार क्रमांक लिहून ठेवते, म्हणजे नंतर तक्रार गेली तर पुरावा असतो.

आणि नवीन विकणाऱ्यांनी एक नक्की सांभाळा. "चुकून ३०० ऐवजी ३००० गेले, जादाचे परत करा" असं म्हणत पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवणारे भामटे असतात. स्क्रीनशॉटवर किंवा आलेल्या मेसेजवर जाऊ नका, बँकेच्या खात्यात एंट्री दिसली तरच हात हलवा. समोरचा म्हणाला की पैसे जमा व्हायला हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, तर तिथेच थांबा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.