जुन्या स्टंट विमानांचे प्लॅन: आउटरझोन आणि बर्डीचा प्लॉटर, काही महिन्यांच्या वापरानंतर

कंट्रोल लाइन म्हणजे काय हे माहीत नसणाऱ्यांसाठी दोन ओळी. हँडल धरून मधोमध उभं राहायचं, दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाला इंजिनवालं छोटं मॉडेल विमान, आणि ते आपल्याभोवती गरगर फिरतं. मनगट वर-खाली केलं की पंखातला बेलक्रँक (तारांची ओढ पुढे नेणारा छोटा तरफेसारखा तुकडा) हलतो, त्याने शेपटीवरची हलती पट्टी, म्हणजे एलेव्हेटर हलतो, विमान लूप मारतं. रेडिओ नाही, बॅटरी नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो तेव्हा हे उडवलं होतं. नोकरी सुटली आणि हात परत शिवशिवायला लागले.

तयार किट मागवायचं तर परदेशातून, आणि विमानापेक्षा कुरिअर महाग. म्हणून ठरवलं, प्लॅन शोधायचे आणि बाल्सा, म्हणजे मॉडेलचं हलकं लाकूड, घरीच कापायचा. दिवाळीपासून तेच चाललंय.

सर्वात जास्त वापर आउटरझोन या वेबसाइटचा झाला. जुन्या मॉडेल विमानांचे हजारो प्लॅन तिथे पीडीएफमध्ये फुकट आहेत. प्रत्येक प्लॅनसोबत डिझाइन कुणाचं, साल कोणतं, पंखांची लांबी किती, मासिकातला की किटमधला, हे लिहिलेलं असतं. साल महत्त्वाचं, कारण अमेरिकेत जुन्या स्टंट विमानांच्या स्पर्धांचे गटच सालावर पाडलेत: 1952 पर्यंतची डिझाइन्स ‘ओल्ड टाइम’, 1969 पर्यंतची ‘क्लासिक’. आपल्याला स्पर्धेला जायचं नसलं तरी शोधताना ही चाळणी फार उपयोगी पडते. नाहीतर माणूस रात्रभर स्क्रीन सरकवत बसतो. घरात बोलणी बसतात ती वेगळी.

मी पहिला उचलला तो रिंगमास्टर. स्टर्लिंग कंपनीचं 1950 च्या दशकातलं किट, डिझाइन मॅट कानिया यांचं, पंख 42 इंच. बॉडी म्हणजे नुसती सपाट फळी. नव्याने किंवा बऱ्याच वर्षांनी सुरू करणाऱ्याने हाच घ्यावा. जॉर्ज ऑल्ड्रिच यांचा नोबलर दिसायला देखणा, पंखावरचे फ्लॅप आणि एलेव्हेटर एकत्र हलणारा आणि इतिहासात मानाचा. पण ते पहिलं काम नव्हे.

आता खरी मेख. किटचा प्लॅन आणि मासिकाचा प्लॅन या दोन वेगळ्या जाती आहेत आणि डाउनलोड करताना हे कुणी सांगत नाही. किटच्या डब्यात रिब्ज, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, छापून-कापून यायच्या. त्यामुळे किटच्या प्लॅनवर रिबचा आकार बरेचदा नसतोच, नुसती जागा दाखवलेली असते. डब्यातल्या लाकडी शीटचे स्कॅन कुणी वेगळे टाकले असतील तरच निभावतं. मासिकाच्या प्लॅनवर उलट सगळं असतं, कारण वाचकाने ते घरी कापायचं होतं. पण पानात बसवायला चित्र इतकं लहान केलेलं असतं की मोठं केल्यावर रेघच पेन्सिलीएवढी जाड होते. मग रेघेच्या आतून कापायचं की बाहेरून? मी मधून कापतो आणि सँडपेपरवर भरवसा ठेवतो. दोन्ही मिळत असतील तर दोन्ही उतरवून घ्या: आकार मासिकातून, मापं किटमधून. मात्र आधी दोन्ही एकावर एक ठेवून बघा. एकाच नावाच्या विमानात किट बनवणाऱ्याने सोयीसाठी केलेले बदल सापडतात.

छपाईला नागपूरच्या बर्डीतलं प्लॉटरवालं (मोठे नकाशे छापणाऱ्या मशीनचं) दुकान. आर्किटेक्ट लोकांची नकाशांची गर्दी असते, आपला कागद शेवटी. पोरगा विचारतो, ‘काका, कागदात बसवून देऊ का?’ इथे ठामपणे नाही म्हणा. कागदात बसवला की प्लॅन थोडा आक्रसतो आणि नजरेला कळतही नाही. शंभर टक्के, ॲक्चुअल साइज, एवढंच सांगायचं आणि तिथेच काउंटरवर टेप लावायचा. 42 इंच म्हणजे 1067 मिलिमीटर. मग आडवं माप झालं की उभंही घ्या, कारण जुना कागद स्कॅन होताना एकाच दिशेने ताणला गेलेला असू शकतो. तसं झालं तर रिबचा आकारच बदलतो.

सगळं विमान मिळून एखादा टक्का लहान झालं तर फारसं बिघडत नाही, ते उडतं. पण इंजिन काही लहान होत नाही. फॉक्स 35 किंवा तसलं 5.7 सीसीचं इंजिन ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर बसतं, त्यांच्यातलं अंतर प्लॅनवरून घेऊच नका. इंजिन हातात धरून, क्रँककेसवर (इंजिनच्या धातूच्या खोळीवर) कॅलिपर लावून घ्या. पट्ट्यांना मी इथलंच सागवान वापरलं. आरा मशीनवर तुकडे सहज मिळतात. सागवान तेलकट, म्हणून इपॉक्सी लावण्याआधी थिनरने पुसायचं, नाहीतर जोड सुटतो.

दुसरी कटकट इंचांची. प्लॅन इंचात, इथे मिळणारा बाल्सा मिलिमीटरमध्ये. 1/16 इंच म्हणजे 1.6 मिलिमीटर, त्याला दीडची शीट चालते. 3/32 म्हणजे 2.4 होतात, त्याला दोनची घ्यावी तर खाचा सैल आणि अडीचची घ्यावी तर बसत नाही. मी शीट ठरवतो आणि खाच तिच्या मापाने नव्याने आखतो. अर्ध्या इंचाच्या बॉडीसाठी सहा मिलिमीटरच्या दोन शीट चिकटवल्या. एकच जाड फळी घेण्यापेक्षा हे बरंच झालं, वाकली नाही.

प्लॅन विकत घेण्याचाही अनुभव घेतला. एका परदेशी विक्रेत्याकडून छापील मागवला. तो घडी घालून आला, आणि घडी नेमकी पंखाच्या मुळावर. कागद उत्तम, रेघ बारीक, पण त्या घडीवरची रिब भरवशाची नाही. नळीत गुंडाळून पाठवणार असतील तरच पैसे द्या, आणि हे आधी लिहून घ्या.

कागदाबद्दल आणखी एक, आपल्या हवेचं. कागद दमट हवेत फुगतो. पावसाळ्यात काढलेला प्लॅन आणि मे महिन्यातल्या नागपुरी उन्हाळ्यातला तोच प्लॅन, लांबीला फरक पडतो. म्हणून छापून आणल्यावर लगेच रिब आणि बॉडीची टेम्प्लेट पत्र्याची किंवा प्लायची करून टाकतो आणि कागद फक्त बघायला ठेवतो. डोपसाठी, म्हणजे पंखाच्या आवरणाला लावायच्या लॅकरसाठी, मात्र उन्हाळाच चांगला. पावसाळ्यात डोप पांढरट पडतो.

जे प्लॅनवर आहे तसंच केलं पाहिजे असं नाही. जुन्या प्लॅनमध्ये बेलक्रँक लहान, बहुधा दोन इंचांचा असतो. तीन इंचांचा लावला तर हँडलवर हात जास्त शांत राहतो. पंखाच्या टोकाला तारा बाहेर येतात ती जागा पुढे-मागे सरकवता येईल अशी ठेवा, प्लॅनवर ती पक्की दाखवली असली तरी. बाहेरच्या पंखाच्या टोकाला वजन घालायला छोटं झाकणही करा, कारण नेमकं किती लागेल ते पहिल्या उड्डाणानंतरच समजतं.

गुण द्यायचे तर फुकटच्या संग्रहाला पाचपैकी साडेचार, छापील विकतच्या प्लॅनला अडीच. प्लॉटरवाल्या पोराला पाच, आता तो स्वतःच टेप काढून ठेवतो. सध्या बॉब पामर यांच्या स्मूदी या विमानाचा प्लॅन काढलाय. साठ फूट तारांचं वर्तुळ मावेल एवढं मोकळं, विजेच्या तारा जवळ नसलेलं मैदान शहरातल्या शहरात कुणाला माहीत असेल, तर खाली लिहा.