बटाट्यातले विषाणू: डोळ्यांनी बघावं, पट्टी लावावी की पानं तपासायला पाठवावीत?

मोहोळ-माढ्याकडं दिवाळीनंतर लावलेला बटाटा दीड महिन्याचा झाला की विचार सुरू होतो: यातलंच बेणं ठेवावं का, की पुढच्या वर्षी पुन्हा पंजाबच्या गाडीची वाट बघावी? सगळा माल सोलापूरच्या बाजारात खायलाच विकणार असाल, तर डोळ्यांची पाहणी पुरे. पुढचं सगळं बेणं ठेवणाऱ्यासाठी.

डोळ्यांची पाहणी फुकट, आणि नीट केली तर भलतीच कामाची. सकाळी किंवा ढगाळ दिवशी जा, ऊन पाठीवर घ्या. पानावर आपली सावली पडली की फिकट-गडद हिरवे चट्टे, म्हणजे मोझॅक, उठून दिसतो. भर उन्हात नजर चकते, आणि उष्णता वाढली की लक्षणंच दबतात. आपल्याकडं जानेवारीची दुपारही त्याला पुरते. पानं गुंडाळणारा रोग बेण्यातूनच आला असेल, तर खालची पानं वर वळून चामड्यासारखी कडक होतात, दाबली की कुरकुरतात. शेंडा आक्रसून सुरकुतला असेल तर संशय पांढऱ्या माशीनं आणलेल्या विषाणूवर घ्या. मात्र एक्स आणि एस हे विषाणू पुष्कळदा झाडावर काहीच दाखवत नाहीत.

विषाणू ओळखणाऱ्या तपासणी-पट्टीचं काम शेतातच होतं. पान चुरगळून रसात बुडवली की काही मिनिटांत रेषा उमटते. एखाद्या झाडाचा संशय फेडायला ती उत्तम, अख्ख्या शेताचा अंदाज घ्यायला महाग.

तो अंदाज हवा तर एलायझा, म्हणजे पानाच्या रसातला विषाणू रंगावरून ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी. एका प्लेटमध्ये 96 खळगे, त्यामुळं बरीच पानं एकदम तपासून होतात. पण किती झाडांची पानं घेता, यावर सगळं आहे. 100 झाडांत एकही रोगट निघालं नाही, तरी शेतात 3 टक्क्यांपर्यंत रोग असू शकतो. रोग 1 टक्क्याच्या आत असल्याची खात्री हवी तर 300 झाडं लागतात. तीही बांधालगतची नव्हे, शेतभर नागमोडी फिरून घेतलेली. पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, याहून बारीक पकडते आणि खर्चही वाढवते. एलायझात निकाल संशयास्पद आला, तरच मी तिकडं वळेन.

गोम वेगळीच आहे. पाहणी झाल्यावर विषाणू पसरवणारा मावा आला तर झाड शेवटपर्यंत निरोगी दिसतं आणि विषाणू गुपचूप बटाट्यात उतरतो. म्हणून बेण्याच्या पिकात 100 संयुक्त पानांवर 20 मावा भरायच्या आत पाला कापतात. काढणीनंतरही शंका राहिली, तर थोडे बटाटे कोंब आणून लावावेत आणि त्या रोपांची पानं तपासावीत.

माझा हिशेब सोपा आहे. डोळ्यांनाच शंभरात पाच-सहा झाडं रोगट दिसली, तर तपासणीवर पैसे घालवू नका. माल बाजारात न्या. हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. एखाद-दुसरंच झाड दिसलं तर ते बटाट्यासकट उपटा आणि मगच पानं पाठवा. थंड पेटीतून, एसटीच्या टपावर टाकून नव्हे.