हात की यंत्र?

हृदय बंद पडलं की छाती दाबायची: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ऐकायला सोपं. पण दोन मिनिटांत दंड भरून येतात, दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात.

छाती दाबणारं स्वीडनचं लुकास यंत्र दमत नाही. पाठीखाली फळी, वर कमान, मधला दट्ट्या एका लयीत खाली-वर. (ऑटोपल्स या दुसऱ्या यंत्रात दट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा आवळतो.) मग जीव जास्त वाचायला हवेत ना? इथेच गोम आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'पॅरामेडिक' चाचणीत ४,४७१ रुग्ण होते. तीस दिवसांनी जिवंत होते लुकासच्या गटातले ६ टक्के, हातांच्या गटातले ७ टक्के. यंत्राची सरशी दिसलीच नाही. यंत्र बसवताना दाब थांबतो, हृदयाला द्यायच्या विजेच्या शॉकलाही उशीर होऊ शकतो, आणि सुरुवातीचीच मिनिटं सगळ्यात मोलाची असतात.

धावत्या रुग्णवाहिकेत मात्र मी डोळे झाकून यंत्राच्या बाजूने. वळणावर उभं राहून छाती दाबणारा स्वतःच आपटायचा. कॅथ लॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या खोलीत), क्ष-किरणांखाली, किंवा गारठून हृदय थांबलेल्या माणसाला तास-तासभर दाब द्यायचा असेल तेव्हाही तेच. लहान मुलांना लुकास बसत नाही, तिथे हातच.

एरवी सुरुवात हातांनी, शॉक लागत असेल तर तो आधी. यंत्र नंतर, तेही दोन टप्प्यांत: आधी फळी सरकवायची, पुन्हा दाब, मग कमान.