ऑपरेशनला पैकीच्या पैकी, टाक्याच्या माहितीला भोपळा

मोतीबिंदूसाठी हा दवाखाना कसा, असं ओळखीतले सारखे विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहिते. डॉक्टरांच्या हाताबद्दल शंका नाही. तक्रार आहे ती घरी पाठवल्यानंतरच्या कारभाराबद्दल.

माझा मोतीबिंदू पार पिकलेला. फेकोत, म्हणजे मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात त्या ऑपरेशनात, दोन-अडीच मिलिमीटरची चीर पुरते आणि ती आपली आपण मिटते. पण मोतीबिंदू कडक असला की कधी कधी चीर मोठी घ्यावी लागते, मग टाकाही लागू शकतो. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. आयुष्य ब्लाऊज शिवण्यात गेलेलं, त्यामुळे धागा कोणता हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. १०-० नायलॉन, केसापेक्षाही बारीक. गाठ आत दडवलेली, बाहेरून हाताला काय, डोळ्यालाही लागत नव्हती. असं काम मला जमलं नसतं.

स्वच्छतेबाबतही कुठे बोट ठेवायला जागा नाही. ऑपरेशनआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन, शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक.

पुढे ड्रॉप्स बंद झाले, नजर छान झाली, आणि बऱ्याच दिवसांनी डोळा खुपायला लागला. कुसळ गेल्यासारखा, तेही नेमक्या एकाच जागी. सकाळी उठलं की त्या कोपऱ्यात चिकट तार. फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "होतं तेवढं मावशी, जुनेच ड्रॉप्स आठवडाभर घाला." आता त्या जुन्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड होतं. जंतुसंसर्ग असेल तर स्टेरॉइडने लाली दबते आणि आत जंतूंना रान मोकळं मिळतं. शिवाय उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यावी, असं त्या बाटलीवरच छापलंय. डॉक्टरांना न विचारता हा सल्ला द्यायचा अधिकार रिसेप्शनला दिला कुणी?

मी ऐकलं नाही, थेट जाऊन बसले. डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात पिवळा रंग घातला, निळा उजेड टाकला आणि लगेच म्हणाले, टाका सैल झालाय, एक टोक वर आलंय. नायलॉन लगेच विरघळत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो हळूहळू झिजतो, मधेच तुटूही शकतो. वर आलेल्या टोकाला चिकटा धरतो, त्यात जंतू बसतात. टाक्याभोवती पांढरट डाग दिसला तर समजायचं की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात संसर्ग शिरलाय. तो टाक्याच्या वाटेने आत उतरला तर डोळ्याच्या पोकळीत पू होतो. हे क्वचितच होतं, पण झालं तर नजर जाऊ शकते. माझ्या डोळ्यात डाग नव्हता.

टाका तिथेच काढला. बधिर करायचे थेंब, परत आयोडीन, मग बारीक कात्री. काढताना धागा अशा बाजूने कापला की बाहेर उघडा पडलेला भाग आतून ओढला जाऊ नये, नाहीतर जंतूही सोबत ओढले जातात. दुखलं म्हणाल तर अजिबात नाही. नंतर काही दिवस अँटिबायोटिक ड्रॉप्स.

"टाक्याने इन्फेक्शन होतं, बिनटाक्याचंच करून घ्या" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अर्धंच खरं आहे ते. चीर नीट मिटत नसेल, पाणी झिरपत असेल, तर न घातलेला टाका जास्त घातक. जंतूंना सरळ दारच उघडं. घातलेल्या टाक्यावर लक्ष ठेवलं की झालं.

आणि नेमकं तेच इथे होत नाही. डिस्चार्ज कार्डावर डोळा चोळू नका, पाणी जाऊ देऊ नका, ड्रॉप्सच्या वेळा, सगळं ठळक. टाका घातलाय, तो कधी तपासायचा, काढायचा की ठेवायचा, याबद्दल अवाक्षर नाही. दुखणं किंवा लाली वाढली, उजेड सहन होईना, चिकटा आला, नजर अंधुक व्हायला लागली तर त्याच दिवशी या, ही एक ओळ छापायला कितीसा खर्च येतो?

दुसरा डोळाही इथेच करून घेणार आहे, पण टाक्याबद्दल डॉक्टरांच्या हातचं कार्डावर लिहून घेईन, आणि सुट्टीच्या दिवशी थेट डॉक्टरांपर्यंत पोचणारा नंबरसुद्धा. पाचपैकी साडेतीन.