क्रूस की काउन्सेलर? आघातातून सावरू पाहणाऱ्या पुरुषासाठी

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाची शेकोटी दोनदा पेटते. पहिली रात्री, प्रमुख याजकाच्या वाड्यात. तिथे ऊब घेत उभा असलेला शिष्य पेत्र येशूला ओळखतच नाही म्हणतो, तीन वेळा. दुसरी पहाटे, सरोवराच्या काठी. मरणातून उठलेला येशू मासे भाजतोय आणि पेत्राला विचारतोय, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ हेही तीनदाच. धूर तोच, वासही तोच, आणि पेत्र पळत नाही.

आघातावरची थेरपी साधारण हेच करते, फक्त घड्याळ लावून. ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ या पद्धतीत डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगायची असते: ‘मी दार उघडतोय, तो आत येतोय.’ त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. साधारण ८ ते १५ सेशन, एकेक तास-दीड तासाचं. पहिले काही दिवस जिवावर येतात, हे थेरपिस्टने आधीच सांगायला हवं. तोंडाने सगळं सांगणं जमणारच नसेल, तर ईएमडीआर बघा. फ्रान्सिन शपीरो यांनी १९८७ साली सुरू केलेल्या या पद्धतीत आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची असते, तपशील फारसे बोलावे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिची शिफारस केली आहे. अबोल पुरुषांना मी आधी हीच सुचवेन.

मग क्रूस कशाला?

कारण पुरुषाच्या आघातावर लाजेचा एक जाड थर असतो. लहानपणी ज्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला, तो चाळिशीतही म्हणतो, ‘मी पुरुष असून प्रतिकार का नाही केला?’ ‘चूक तुझी नव्हती’ हे थेरपिस्ट पटवतो, आणि ते पटायलाच हवं. पण क्रूसाच्या वाटेवरच्या, म्हणजे येशूच्या मरणयात्रेतल्या, १४ स्थानांपैकी दहाव्या स्थानापाशी येशूचे कपडे उतरवले जातात, सगळ्यांदेखत. त्यापुढे गुडघे टेकलेल्या माणसाला कोणी समजावत नाही. त्याला फक्त दिसतं की इथे आपल्याआधी कुणीतरी उभं राहून गेलंय. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवलेले व्रणही तसेच. पुनरुत्थित देहावरून ते पुसलेले नाहीत.

प्रतीकाला जमत नाही ते म्हणजे शरीराचं काम. दार आपटलं की दचकणारं शरीर स्तोत्र ऐकत नाही. रात्री तीनला घामाने भिजून उठणाऱ्या माणसाला ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणणं तर क्रूरपणा आहे, आणि असं म्हणणारे पाळक असतात. तीच गत घाईच्या क्षमेची. जखम भळभळत असताना ‘त्याला माफ कर’ म्हणणारा माणूस बहुधा स्वतःचीच अस्वस्थता मिटवत असतो. शास्त्रात ८८वं स्तोत्रही आहे, ते अंधारातच संपतं. ते वाचू देणारा धर्मगुरू मिळाला तर सोडू नका.

उलट बाजूही आहे. तुमच्या हातून खरंच काही घडलं असेल, युद्धात, गाडी चालवताना, घरात, तर थेरपी थोडी चाचपडते. आघाताबद्दलचे विचार तपासून पाहणाऱ्या ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’च्या १२ सेशनमध्ये स्वतःवर ओढून घेतलेला खोटा दोष सुटतो. खरा दोष उरतोच. याला आज नैतिक इजा म्हणतात; हा शब्द व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी रूढ केला. अशा वेळी पापकबुलीला तोड नाही. मोठ्याने उच्चारायचं, कुणीतरी ऐकायचं, आणि क्षमेचे शब्द बाहेरून कानावर पडायचे. कॅथलिक धर्मगुरू ते गुपित कधीच फोडू शकत नाही. थेरपिस्टही गुप्तता पाळतो, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर ती मोडावी लागते.

निवड करताना माझा कौल असा: झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर आधी डॉक्टर, आजच. प्रार्थना वाटेतही होते. लक्षणं आटोक्यात आहेत पण आतून सगळं पोकळ, अर्थहीन वाटतंय, तर दोन्ही एकदम चालू द्या, आणि थेरपिस्ट व पाळक, दोघांनाही एकमेकांबद्दल सांगा. पहिल्याच फोनवर थेरपिस्टला विचारा, ‘मी सेशनमध्ये बायबलबद्दल बोललो तर चालेल?’ पाळकाला विचारा, ‘मी औषधं घेतली तर तुम्हाला काय वाटेल?’ उत्तराआधीचा थांबाही नीट ऐका.

आणि अत्याचार करणाऱ्याच्याच गळ्यात क्रूस असेल, किंवा ‘पिता’ या शब्दानेच पोटात गोळा येत असेल, तर क्रूस सध्या खणात राहू दे. थेरपी त्याच्याशिवाय होते.