३ टनी जॅक स्टँड, पाच महिन्यांनी: दाते पक्के, पण पायात काटकसर

जॅक स्टँड म्हणजे जॅकने उचललेली गाडी तशीच वर टेकवून ठेवायचा लोखंडी पाया; मधल्या दांड्याला दाते असतात, हव्या त्या दात्यात खटका अडकवून उंची धरायची. मे मध्ये मी या स्टँडला पाच स्टार दिले होते, जुलैमध्ये चिडून एकावर आणले, आता तीन देतोय.

आमचा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, सामान काढून साधारण ९०० किलो. खारघरला सोसायटीत उभा करू देत नाहीत म्हणून पावसाळ्याआधी करंजाड्याला मेव्हण्याच्या प्लॉटवर नेला. महिनोन्महिने एकाच जागी वजन राहिलं की टायर खालून चपटा बसतो, म्हणून २९०० ला एक अशा दोन जोड्या घेतल्या, दोन स्टँड अॅक्सलच्या मागे आणि दोन पुढे हूककडे, सगळे चॅसीच्या मेन चॅनेलखाली, चाकं बोटभर वर. एकदम दणकट वाटलं तेव्हा.

जुलैत तीन दिवस पाऊस थांबलाच नाही आणि चौथ्या दिवशी मेव्हण्याचा फोन, "दाजी, ट्रेलरचं दार लागत नाहीये." जाऊन बघतो तर दाराची वरची कड चौकटीत घट्ट अडकलेली आणि खाली बोट जाईल एवढी फट. वाकून पाहिलं, मागचा डावा स्टँड मुरमात दोन इंच खाली गेलेला, बाकी तीन जागच्या जागी, म्हणजे अख्खी चॅसी पिळली गेली होती.

मला आधी वाटलं दाता खटक्यातून सुटला आणि स्टँड खाली बसला. अमेरिकेत २०२० साली ३ आणि ६ टनचे असेच दातेवाले स्टँड खटका निसटतो म्हणून लाखोंनी परत मागवले होते, ते डोक्यात होतं. दुकानदाराला फोन करून भरपूर बोललो. तो म्हणाला स्टँड काँक्रीटवरच वापरायचा असतो. अहो मग डब्यावर तशी एक ओळ तरी छापा ना! पण घरी येऊन लावतानाचे फोटो काढून बघितले, सातव्या दात्यावर लावला होता आणि अजून सातव्यावरच होता. दाता जागेवरच, जमीन गेली खाली.

तरी दोष स्टँडचा आहेच. उलटा करून बघा, खाली पत्रा नुसता वाकवलाय, मध्ये पोकळ, टेकतात फक्त चार कोपरे. मोजले तर चारही मिळून जेमतेम २० चौरस सेंटीमीटर. एका स्टँडवर सव्वादोनशे किलो धरा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ११ किलो, ओला मुरूम कुठे सहन करणार? तळाला सपाट पत्रा मारायला कंपनीला कितीसा खर्च आला असता, याचा राग मला अजून आहे.

शेवटी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून १० एमएम जाडीच्या, एक फूट बाय एक फूट चार प्लेटा आणल्या, वजनावर, २९ किलो झालं, सोळाशे रुपये गेले. पाय सरकू नयेत म्हणून कडेने अँगल वेल्ड करून घेतला. आता तेच वजन चौरस सेंटीमीटरला पाव किलोसुद्धा नाही. मेव्हणा म्हणत होता पोकळ सिमेंट ब्लॉक ठेवू, ते अजिबात करू नका, ते न सांगता फुटतात.

प्लेटा खाली घालायला ट्रेलर परत उचलताना तुर्भ्याहून बोलावलेला मेकॅनिक ट्रेलरच्या स्वतःच्या कोपऱ्यांतल्या जॅकनेच उचलायला निघाला, मी हात धरून थांबवलं. ते जॅक फक्त डुलणं थांबवायला असतात, अख्खं वजन दिलं की स्क्रू वाकतो. चाकांना ठोकळे लावले, बॉटल जॅकने उचलला, स्टँड लावला की लगेच जॅक काढला, कारण हायड्रॉलिक जॅकचं सील हळूहळू गळतं आणि गाडी गुपचूप खाली येते.

आणि माझं एक मत बदललं, चाकं पूर्ण वर उचलायची गरजच नव्हती. आता टायर जमिनीला टेकलेत, थोडं वजन स्प्रिंगवर आहे, हवा फुल भरून ताडपत्रीने झाकलेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्टँड एक सूतही हलले नाहीत, दार एका बोटाने लागतं. दात्यांवर थोडा गंज आलाय, ग्रीस लावलंय.

नवीन घेणार असाल तर दुकानातच स्टँड उलटा करून बघा, तळ सपाट आणि भरीव असेल तरच घ्या, दोन-तीनशे जास्त गेले तरी चालतील, माझे सोळाशे गेलेत.