नान्नजचा माळ : माळढोक दिसला नाही, तरी पुन्हा जाणार

आधी तेच सांगते, म्हणजे कुणी भलती आशा धरून जायला नको. आम्हाला माळढोक दिसला नाही. सकाळी सातपासून साडेदहापर्यंत आणि पुन्हा चारपासून अंधार पडेपर्यंत आम्ही सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात होतो. नाही दिसला. साऱ्या देशात मोकळ्या रानात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे एखादा जरी दिसला तरी पेपरात बातमी येते. फक्त माळढोकाचा फोटो काढायला जाणार असाल तर मी या जागेला पाचपैकी दोन देईन. माळ बघायला जाणार असाल तर पाचपैकी पाच.

मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मशिनवरून उठायला होत नाही, म्हणून डिसेंबरचा शेवटचा रविवार धरला. सोबत हे, आमची सातवीतली लेक आणि माझे वडील. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो, वय 78. गिरणीत लागायच्या आधी त्यांनी याच पट्ट्यात मेंढरं राखलेली. खरं तर त्यांच्यासाठीच गेलो.

सोलापुरातून बार्शी रोडने नान्नज वीस-बावीस किलोमीटर. एसटीनेही जाता येतं, पण पहाटे पोचायचं तर स्वतःची गाडी बरी. कारंबा मागे पडलं तसे आण्णा काचेला डोकं टेकून बाहेर बघायला लागले. एका ठिकाणी म्हणाले, "इथं सगळी ज्वारी होती." आता तिथं द्राक्षाच्या बागा. नान्नज हे तर द्राक्षाचंच गाव, सोनाका द्राक्ष इथलंच. सोलापूर, नान्नज आणि हे द्राक्ष तयार करणारे बागायतदार काळे यांची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालं, असं इथं कुणीही सांगेल. त्या द्राक्षानं घरं उभी केली, त्याला नावं ठेवणार नाही. पण माळढोक ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या रानात नाकतोडे टिपत फिरणारा पक्षी. तारांच्या मांडवाखाली तो कसा चालणार? नर पुरा वाढला की मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत वजन. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं उडताना समोरची विजेची तार वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी एवढं जड अंग पटकन वळत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढं सगळं नाजूक गणित, आणि आपण एका माणसाच्या आयुष्यात ते पार विस्कटलं.

अभयारण्य 1979 साली जाहीर झालं, तेव्हा ते 8496 चौरस किलोमीटर होतं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले होते. पुढं ते कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. आकडा ऐकून मोठं जंगल डोळ्यापुढं येईल तर तसं नाही. शेतं, वस्त्या, रस्ते आणि त्यांच्या मध्येमध्ये राखलेल्या गवताचे तुकडे. नान्नजचा तुकडा त्यातला सगळ्यात नावाजलेला.

आणि ते गवत! डिसेंबरात ते पिवळं नसतं, सोनेरीही म्हणवत नाही. सकाळी कोवळ्या उन्हात त्याला भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा रंग येतो. वारा आला की सगळा माळ एका बाजूला कलतो आणि परत उभा राहतो. मी वाट्टेल तितका वेळ बघत बसले असते. लेक मात्र पाच मिनिटांत कंटाळली. तिच्या सलवारीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती आणि ती वैतागून एकेक उपटत होती.

आण्णांनी तिला जवळ बोलावलं. एक कुसळ घेतलं. काळपट, पीळ दिलेलं, एका टोकाला सुईसारखं टोकदार. ते तळहातावर ठेवलं आणि जिभेनं बोट ओलं करून ते त्याला लावलं. "आता बघ." क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या कुसळाची शेपटी हळूहळू फिरायला लागली, घड्याळाच्या काट्यासारखी. लेकीनं मान इतकी खाली घातली की तिची वेणी आण्णांच्या हातावर आली. पाऊस पडला की पीळ सुटतो, कुसळ गरगर फिरतं आणि बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं, हे त्यांनी तिला सांगितलं. "कुणी पेरायला लागत नाही याला." त्यानंतर दिवसभरात ती एकदाही कंटाळली नाही. घरी येईपर्यंत तिच्या रुमालाच्या गाठीत सोळा कुसळं होती.

पाहणी मनोऱ्यावरून काळविटांचा कळप दिसला. माद्या आणि पिल्लं बदामी रंगाची. मधे एकच नर, पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. तो सारखा एकाच जागी येऊन थांबायचा. आण्णांनी न बघताच सांगितलं की तिथं लेंड्यांचा ढीग असणार. परतताना पायवाटेच्या कडेला तसाच एक ढीग सापडला. वरच्या लेंड्या ताज्या, ओलसर, खालच्या वाळून पांढुरक्या झालेल्या. नर आपली हद्द अशी दाखवतो, रोज त्याच जागी येऊन. आमच्याबरोबर होते त्या वनमजुरांनी आण्णांकडं बघून विचारलं, "तुम्ही मेंढरं राखलीत का?" मग पुढचा तासभर ते दोघंच बोलत होते आणि आम्ही मागून ऐकत होतो. खोकडाचं बीळ कसं ओळखायचं, लांडगा कळपाच्या कुठल्या बाजूनं येतो, असलं काय काय. पैसे टाकून असा गाईड मिळत नाही.

धाविक मात्र मी स्वतः हेरला. मातकट तांबूस, लांब पायांचा छोटा पक्षी. तुरुतुरु धावतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो, परत धावतो. थांबला की मातीत असा मिसळतो की नजर हलली तर संपलं. कापशी, खाटीक, चंडोल, माळटिटवी हे सगळेही दिसले, पण मला तो धाविक अजून डोळ्यासमोर दिसतो.

झाडं का नाहीत, सावली का नाही, असं बरेच जण म्हणतात. मीही पूर्वी म्हणायचे. माळ म्हणजे पडीक जमीन, तिथं झाडं लावली की पुण्य, हेच शाळेत शिकलो. पण माळढोकाला लांबपर्यंत मोकळं दिसलं पाहिजे, तरच तो निर्धास्त चरतो. जिथं गवताळ माळावर ग्लिरिसिडिया या झाडाची दाट लागवड झाली, तिथली ही मोकळीक गेली. माळावर झाड लावणं हे नेहमीच चांगलं काम नसतं, हे मला तिथं उभं राहून पटलं. वृक्षारोपणाला आमच्या बचत गटाच्या बायका उत्साहानं जातात, त्यांना हे मी आता आवर्जून सांगणार आहे.

एका गोष्टीनं फार वाईट वाटलं. अभयारण्याच्या बाहेर, कच्च्या रस्त्यावर एक मोठी गाडी आली. आतल्या पोरांनी गाणी जोरात लावलेली. शेजारच्या रिकाम्या रानात चार काळविटं दिसल्यावर त्यांनी गाडी सरळ तिकडं घातली, पळती काळविटं मोबाईलवर घ्यायला. एक मादी तारेच्या कुंपणावरून झेपावली, मागचा पाय अडकता अडकता वाचली. आण्णांचे हात थरथरत होते. ते काठी उगारून पुढं झाले तेव्हा कुठं ती पोरं निघून गेली. कृपा करून असं करू नका. गाडी रस्त्यावर ठेवा, आवाज बंद ठेवा, जनावर आपल्याकडं येईल तेवढंच बघा.

दुपारी ऊन चढलं की हवा पाण्यासारखी हलते आणि दुर्बिणीतून काही धड दिसत नाही. तेवढा वेळ आम्ही ओळखीच्या एका शेतात हुरडा खायला गेलो. आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजली, तळहातावर गरम गरम चोळली, सोबत शेंगाची चटणी, दही आणि गूळ. आण्णांना दात नाहीत, पण कोवळा हुरडा त्यांनी ओंजळभर खाल्ला. जाणार असाल तर पिण्याचं पाणी घरून भरपूर घ्या, टोपी घ्या, कपडे मातकट रंगाचे घाला आणि पायात बूट. माझ्या पिवळ्या ओढणीला वनमजूर काका दोनदा बोलले, बरोबरच होतं त्यांचं.

आणि संध्याकाळ सोडू नका. बरेच लोक सकाळी येऊन दुपारी परत फिरतात. सूर्य टेकला तसे भोवत्ये यायला लागले. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात थेट मध्य आशियाकडून येतात आणि रात्री झाडावर नाही, जमिनीवर गवतात मुक्काम करतात. आधी एक आला, गवताच्या शेंड्यांना घासून जाईल इतका खाली. मग तीन. मग मोजणं सोडून दिलं. पंख न हलवता गिरक्या घेत घेत एकेक जण खाली उतरायचा आणि गवतात नाहीसा व्हायचा. कुणी काही बोललं नाही. लेकीनं आजोबांचा हात धरला होता.

परतताना गाडीत आण्णा म्हणाले, त्यांच्या लहानपणी माळढोकाला सगळे हूमच म्हणायचे, कारण पावसाळ्यात नर तसाच घुमतो. पहाटे मेंढरं उठायच्या आधी तो आवाज लांबून ऐकू यायचा. लेकीनं विचारलं, "कसा?" त्यांनी गळा फुगवून, तोंड मिटून तो आवाज काढून दाखवला. यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि त्यांना परत एकदा काढायला लावला.

जुलै-ऑगस्टमध्ये मनोऱ्यावर एक पहाट काढायची आहे. शेजारच्या सरांची दुर्बीण त्यासाठी आत्ताच सांगून ठेवली आहे.